खुडूक कोंबडी आणि तिचे पुणेरी शत्रू

अंडी घालायचे थांबवून ती उबवायला बसलेल्या कोंबडीला खुडूक कोंबडी म्हणतात. ती ओळखायला तज्ज्ञ लागत नाही. ती खुराड्याचा एक कोपरा धरते, अंग पसरून चपटी होते, डोळे अर्धवट मिटते आणि कोणी जवळ आले की सगळी पिसे फुलवून दबक्या आवाजात निषेध नोंदवते. त्यावरही हात पुढे आला तर चोच मारते. गावठी कोंबडी दहा-पंधरा अंडी घालते आणि मग खुडूक होते. प्रोलॅक्टिन नावाचे संप्रेरक अंगात वाढते, पोटाखालची पिसे झडतात आणि तिथली उघडी, ऊबदार कातडी थेट अंड्यांना टेकते. खाली अंडी असलीच पाहिजेत अशी मात्र तिची अट नसते. खुडूक कोंबडी बटाट्यावर बसते, टेबलटेनिसच्या चेंडूवर बसते आणि काहीच मिळाले नाही तर निव्वळ तत्त्व म्हणून बसते. तत्त्वासाठी बसून राहणाऱ्यांची पुण्यात कधीच वाण नसल्याने तिच्या या वागण्याचे इथे कोणाला नवल वाटत नाही.

पुण्यातल्या कोंबड्यांचे दोन वर्ग पडतात : पुण्यात आलेल्या कोंबड्या आणि ज्यांच्याकडे पुणे आले त्या कोंबड्या. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे महापालिकेच्या हद्दीत घेण्यात आली. वाघोली, मांजरी बुद्रुक, सूस, नऱ्हे, किरकटवाडी इथल्या कोंबड्या उकिरड्यावरून एक पाऊलही न हलता शहरवासी झाल्या. त्या भागातल्या घारी, मुंगसे आणि बोकेही त्याच अधिसूचनेने शहरात आले. मिळकतकर तेवढा माणसांना लागला. पहिल्या वर्गातल्या, म्हणजे पुण्यात आलेल्या, कोंबड्या बंगल्याच्या मागच्या अंगणात किंवा गच्चीवर राहतात. विषमुक्त अन्नावरचे व्याख्यान ऐकून आलेल्या घरात पहिली कोंबडी येते. ती मुलांच्या हट्टापायी आणली असे सांगितले जाते आणि मुलांचा हट्ट आठवड्यात संपला की ती आजोबांच्या वाट्याला येते.

वास्तविक अंडे या विषयात पुण्याचा अधिकार मोठा आहे. बी. व्ही. राव यांनी १९७१ साली सुरू केलेल्या वेंकटेश्वर हॅचरीजचे मुख्यालय पुण्यात आहे. त्यांच्याच पुढाकाराने १९८२ मध्ये उभी राहिलेली आणि रोजचे अंड्याचे भाव सांगणारी राष्ट्रीय अंडी समन्वय समितीही पुण्याचीच. सरकारचे मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र खडकीला आहे आणि पशुसंवर्धन आयुक्तालय औंधला. इतकी सगळी तयारी असलेल्या शहरात खुडूक कोंबडी मात्र शोधावी लागते. कारण वर्षाला तीनशेच्या वर अंडी देणाऱ्या बीव्ही-३०० सारख्या जाती निपजवताना खुडूक होण्याचा गुण पिढ्यान्‌पिढ्या निवडून काढून टाकलेला आहे. जी कोंबडी बसते ती घालत नाही, आणि उद्योगाला घालणारी हवी असते. गावठी कोंबडी वर्षाला ५० ते ७० अंडी देते, उरलेला वेळ बसण्यात आणि पोरे वाढवण्यात घालवते, म्हणून ताळेबंदात ती तोट्यात दिसते. पिल्ले काढायची झाली की याच तोट्यातल्या कोंबडीकडे जावे लागते.

पहिली अडचण अंड्यांची. किराणा दुकानातली पांढरी अंडी उबवून पिल्ले निघत नाहीत, कारण फार्मवरच्या कोंबडीने जन्मात कोंबडा पाहिलेला नसतो. तरीही दर वर्षी काही उत्साही मंडळी डझनभर अंडी आणून खुडूक कोंबडीखाली सरकवतात. ‘शाकाहारी अंडे’ या कल्पनेचा प्रत्यक्ष पुरावा त्यांना २१ दिवसांनी मिळतो, आणि वासावरून शेजाऱ्यांनाही मिळतो. उबवायला अंडी घ्यायची ती जिथे आठ-दहा कोंबड्यांमागे एक धडधाकट कोंबडा फिरतो, अशा कळपातली. ती आठवड्यापेक्षा जुनी नसावीत, फार मोठी किंवा फार लहान नसावीत, कवच तडकलेले नसावे. अंडी धुवायची नाहीत. धुतल्याने कवचावरचा संरक्षक थर जातो आणि छिद्रांतून जंतू आत शिरतात. फ्रिजमध्येही ठेवायची नाहीत. माठाजवळच्या गारव्यात, निमुळते टोक खाली करून ठेवलेली अंडी चांगली राहतात.

एका गावठी कोंबडीखाली दहा ते बारा अंडी मावतात. माणसाच्या हिशेबात अठरा मावतात. कोंबडी दिवसातून अनेकदा चोचीने अंडी फिरवते, कडेची मधे घेते आणि मधली कडेला सारते. त्यामुळे जास्तीची अंडी ठेवली तर ठरावीक सहाच अंडी थंड पडतात असे होत नाही. तिच्या या न्यायबुद्धीमुळे सगळ्या अठरांना आळीपाळीने थंडी वाजते आणि निकाल बाराहून कमी लागतो.

रवणीला, म्हणजे अंडी उबवायला, बसवायचा काळ ऑक्टोबर ते फेब्रुवारी. एप्रिल-मे महिन्यांत पुण्याची दुपार चाळिशीला टेकते. अंडे कोंबडीखाली जाण्याआधीच अर्धवट उबते आणि बिघडते. पावसाळ्यात ओल धरते आणि पिल्लांना रक्ती हगवण लागते. जागा निवांत, अंधारी आणि वारा खेळता असलेली हवी. एक पसरट पाटी घ्यावी, तळाला थोडी माती किंवा राख घालावी, वर पेंढा अंथरून मधे खळगा करावा. कडुनिंबाचा पाला घातला तर पिसवा कमी होतात. काही घरांत पाटीत लोखंडाचा तुकडा किंवा कोळसा ठेवतात, म्हणजे विजेच्या कडकडाटाने अंडी बिघडत नाहीत. विजेवर या लोखंडाचा परिणाम सिद्ध झालेला नाही, पण कोंबडीची त्याबद्दल तक्रारही नाही. कोंबडीला नव्या जागी न्यायचे ते रात्री. दिवसा नेली तर ती परत जुन्या जागी जाऊन बसते आणि अंडी तिच्याविना राहतात. घर बदलल्याचे अंधारात कळले नाही की ती सकाळी नव्या पत्त्यावर रुळलेली असते.

त्यानंतर २१ दिवस. हॅचरीतल्या यंत्रात ३७.५ अंशांच्या आसपास उष्णता राखावी लागते, दमटपणा मोजावा लागतो, अंडी ठरावीक वेळाने वळवावी लागतात आणि अठराव्या दिवशी ती दुसऱ्या यंत्रात हलवावी लागतात. वीज गेली तर जनरेटर लागतो. कोंबडी ही सगळी कामे बसल्या जागी करते. गुरुवारी देखभाल-दुरुस्तीसाठी वीज आणि पाणी दोन्ही बंद असले तरी तिच्या कामकाजावर परिणाम होत नाही. दिवसातून एकदा ती पंधरा-वीस मिनिटे उठते, घाईघाईने दाणे टिपते, पाणी पिते, धुळीत लोळते, दिवसभराची विष्ठा एकदमच टाकते आणि परत येऊन बसते. ही विष्ठा आकाराने आणि वासाने असाधारण असते. ती पाटीत न पडता बाहेर पडावी यासाठी कोंबडी उठलीच नाही तर तिला अलगद उचलून खाली ठेवावे. बाकी या काळात माणसाने दाणा-पाणी जवळ ठेवून दूर राहायचे असते. नेमके हेच काम त्याला जमत नाही.

सातव्या दिवशी अंधारात मोबाइलच्या टॉर्चवर अंडे धरून पाहण्याची पद्धत आहे. आत लाल शिरांचे जाळे दिसले तर अंडे जिवंत, काहीच न दिसता आरपार उजेड आला तर वांझ. वांझ अंडी काढून टाकायची, म्हणजे पुढे ती नासून फुटत नाहीत. एवढी एक तपासणी पुरते. पण एकदा जाळे दिसले की ते आत्याला, शेजारच्या काकूंना आणि व्हिडिओ कॉलवरून परदेशातल्या भाच्याला दाखवावेसे वाटते. अंडी रोज बाहेर येऊ लागतात आणि कोंबडीच्या चोचीला रोज काम मिळते.

विसाव्या दिवसाच्या सुमारास अंड्यातून चिवचिव ऐकू येते. कोंबडी हलक्या आवाजात उत्तर देते. मायलेकरांची ओळख अशी कवच फुटण्याआधीच होते. पिल्लाच्या चोचीच्या टोकावर एक टणक दाणा असतो. त्याने ते कवचाला आतून भोक पाडते, मग बराच वेळ विश्रांती घेते. भोक पडल्यापासून बाहेर येईपर्यंत बारा ते चोवीस तास लागू शकतात. या काळात नखाने कवच सोलून मदत करणाऱ्यांच्या हातून पिल्ले मरतात, कारण पिवळ्या बलकाची पिशवी पोटात ओढून घेण्याचे आणि कवचाच्या आतल्या शिरा आटण्याचे काम अजून चालू असते. हाच बलक पिल्लाला पहिले दोन-तीन दिवस पुरतो. हॅचरीतून एक दिवसाची पिल्ले खोक्यांत भरून दूरदूर पाठवता येतात ती याच शिदोरीवर. या वेळी खरोखर लक्ष द्यायचे ते मुंग्यांकडे. फुटलेल्या अंड्याचा वास त्यांना सर्वांत आधी लागतो. पाटी विटांवर ठेवून विटा पाण्याच्या ताटलीत ठेवल्या की मुंग्यांचा मार्ग खुंटतो.

पिल्ले निघाली की कोंबडी आणखी एखादा दिवस बसते, मागे राहिलेल्यांची वाट पाहते आणि मग उरलेली अंडी सोडून उठते. न फुटलेल्या अंड्यांविषयी तिला हळहळ नसते. ती पंज्याने माती उकरते, दाणा उचलते, खाली टाकते आणि विशिष्ट आवाज काढून पिल्लांना बोलावते. तांदळाची कणी, ज्वारीचा भरडा किंवा तयार खाद्य चालते. पाणी उथळ ताटलीत, खडे टाकून द्यायचे, नाहीतर पिल्ले त्यात बुडतात. मानमोडी म्हणजे राणीखेत रोगासाठी पहिल्या आठवड्यात लासोटा लसीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात टाकतात. इथे छोट्या मालकाची पंचाईत होते. लसीची कुपी शंभर किंवा अधिक पिल्लांची असते, एकदा विरघळवली की लगेच वापरावी लागते आणि घरात पिल्ले नऊ असतात. अशा वेळी आणखी ९१ पिल्लांचा शोध सुरू होतो आणि एरवी एकमेकांना न ओळखणारे शेजारी एकमेकांच्या घरी जाऊ लागतात.

एवढे होईपर्यंत पिल्लांची वार्ता परिसरात पसरलेली असते. वरून येणाऱ्यांत घार पहिली. एरवी ती नदीकाठी आणि कचऱ्यावर मिळेल ते खाते. पण जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास तिच्याही घरट्यात पिल्ले असतात. कोंबडीची पिल्ले काढण्याचा उत्तम हंगाम आणि घारीच्या घरी खाणारी तोंडे वाढण्याचा हंगाम असा एकच आहे. शिक्रा झाडात लपून बसतो आणि एकदाच झडप घालतो. कावळे जोडीने येतात : एक समोरून कोंबडीला चिडवतो आणि ती त्याच्या मागे धावली की दुसरा मागून पिल्लू उचलतो. भारद्वाजाला अंडी आणि लहान पिल्ले आवडतात, मुंगसालाही आवडतात. टेकड्यांलगतच्या भागांत दोघेही दिवसाढवळ्या येतात. या दोघांचे दर्शन शुभ मानले जाते. शकुनाचा लाभ मालकाला होतो, खर्च कोंबडीच्या खात्यावर पडतो.

रात्रपाळीत उदमांजर असते. जुन्या वाड्यांच्या माळ्यावर राहणारा हा प्राणी फळे, उंदीर आणि कोंबडी यांत भेदभाव करत नाही. घूस खालून बीळ काढून येते. नाग अंडीही गिळतो आणि पिल्लेही. गव्हाणी घुबडाला उगाच बोल लावला जातो; ते मुख्यतः उंदीर-घुशींवर जगते, म्हणजे या प्रकरणात ते कोंबडीच्या बाजूचे आहे. साप निघाला तर सर्पमित्राला बोलवावे, काठी शोधू नये. नाग, मुंगूस, उदमांजर, घार यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. पिल्लांना तसे कोणतेही कलम लागू नाही.

शहरात सर्वाधिक पिल्ले नेते ते मात्र मांजर. सोसायटीतले मांजर कोणाचेच नसते. त्याला हाकलले की ते लगेच कोणाचे तरी निघते. त्याला ‘खाऊन-पिऊन सुखी’ ठेवल्याने ते शिकार करणार नाही, असे दूध घालणारे सांगतात. मांजर ते मन लावून ऐकते आणि दुपारी खुराड्याजवळ येऊन बसते. भटकी कुत्री तितका संयम दाखवत नाहीत. ती एकदम येतात, पळणाऱ्या प्रत्येक कोंबडीच्या मागे धावतात आणि खाण्यापेक्षा जास्त मारतात.

या सगळ्यांशी लढायला कोंबडीकडे स्वतःची व्यवस्था आहे. आकाशातला शत्रू दिसला तर ती एक आवाज काढते, जमिनीवरचा दिसला तर वेगळा. पहिल्या आवाजाला पिल्ले जागच्या जागी झुडपाखाली किंवा पंखाखाली शिरून निपचित पडतात. दुसऱ्याला सावध होऊन पांगतात. एरवी सावलीला घाबरणारी कोंबडी या काळात कुत्र्याच्या अंगावर जाते, आणि कुत्रे बहुधा मागे हटते. मेहंदीचे कुंपण, लिंबाचे झुडूप किंवा उलटे टाकलेले जुने टेबल असा आडोसा अंगणात असला तर घारीचे काम अवघड होते. बुजगावणे दोन दिवस उपयोगी पडते. तिसऱ्या दिवशी कावळा त्याच्या डोक्यावर बसतो. जुन्या सीडी टांगल्याने पक्षी बिचकतात असे म्हणतात. निदान घरातल्या भजनांच्या सीडींची सोय तरी लागते.

माणसाने करायचे काम तीन प्रकारचे आहे. पहिले जाळीचे. बाजारात कोंबडीजाळी म्हणून मिळणारी षटकोनी जाळी कोंबडी आत ठेवते, शत्रूला बाहेर ठेवत नाही. कुत्रे ती फाडते, घूस कुरतडते आणि मोठ्या भोकांतून पिल्लू स्वतःच बाहेर पडून मांजराची चौकशी करते. त्याऐवजी अर्ध्या इंचाच्या भोकांची वेल्डमेश लावावी, वर छत करावे आणि जाळी फूटभर जमिनीत पुरावी, म्हणजे उकरणाऱ्यांचा उत्साह मावळतो. दुसरे काम डालग्याचे. पहिले दोन-तीन आठवडे पिल्ले आईसकट बांबूच्या डालग्याखाली झाकावीत आणि वर दगड ठेवावा. दगड ठेवायचा राहिला तर कुत्रे डालगे नाकाने उलथवते. तिसरे काम सर्वांत सोपे आणि बिनखर्चाचे : दिवेलागणीला कोंबडी आपण होऊन पिल्लांसह खुराड्यात गेली की दाराला कडी घालायची.

पिल्लांचा प्रश्न अडतो तो इथेच. अर्ध्या इंचाची जाळी, पुरलेला पाया, सिमेंटचा कोबा, कॅमेरा, त्याचे मोबाइलवर येणारे चित्र, हे सगळे जमते. संध्याकाळी सात वाजता उठून कडी घालणे जमत नाही. आजोबांना वाटते सुनेने घातली असेल, सुनेला वाटते मुलाने, मुलाला कोंबडी अजून आहे हेच माहीत नसते. उदमांजर मात्र रोज रात्री दार ढकलून पाहते; वर्षातून एक दिवस पुरतो. सकाळी पिसे सापडतात आणि घरात चर्चा सुरू होते ती जाळी आणखी बारीक हवी का, याची.

सहा ते आठ आठवड्यांत वाचलेल्या पिल्लांना पूर्ण पिसे येतात. कोंबडी त्यांना एके दिवशी चोच मारून दूर करते, समजूत घालत नाही, आणि काही दिवसांत पुन्हा अंडी घालू लागते. पिल्लांपैकी साधारण निम्मी नर निघतात. चार-पाच महिन्यांत ती आरवू लागतात आणि विषय शिकाऱ्यांकडून शेजाऱ्यांकडे जातो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. जवळून ऐकलेला कोंबडा १०० डेसिबलच्या पुढे जातो, आणि तोही पाचच्या आत. मे २०१९ मध्ये सोमवार पेठेतल्या एका महिलेने कोंबड्याच्या आरवण्याने झोपमोड होते असा अर्ज समर्थ पोलीस ठाण्यात दिला होता. त्याची बातमी देशभर गेली, गुन्हा दाखल झाला नाही. कोंबड्यावर काळे कापड टाकण्याचा तोडगाही चालत नाही. जपानमधल्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवून दिले की कोंबडा उजेड पाहून नव्हे, अंगातल्या घड्याळानुसार आरवतो. कोंबडे झाकून तांबडे थांबत नाही हे मराठी माणसाला आधीच माहीत होते; झाकलेले कोंबडेही थांबत नाही, एवढी भर या संशोधनाने घातली.

जादा कोंबड्यांची व्यवस्था बहुतेक घरांत आखाडात लागते. कळपाला एक कोंबडा पुरतो. तो ठेवावा आणि शेजाऱ्यांकडे अधूनमधून अर्धा डझन गावठी अंडी पाठवावीत, म्हणजे डेसिबल कमी ऐकू येतात. तलंगा, म्हणजे पिल्लांतल्या माद्या, पाच-सहा महिन्यांच्या झाल्या की अंडी घालू लागतात, त्यांतली एखादी खुडूक होते आणि कोपरा धरून बसते. तिला रवणीला बसवण्यापूर्वी पाटीतला पेंढा बदलावा, पिसवांचा बंदोबस्त करावा, आणि कडी घालण्याचे काम घरातल्या नेमक्या एका माणसाकडे, नाव घेऊन, सोपवावे.